देणगी, तिकीट आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी

मंदी आली की कात्री सर्वांत आधी कुठे लागते? घर असो, कंपनी असो की कॉलेज, उत्तर ठरलेलं. आधी गाणं-बजावणं, मग नाटक, मग पुस्तकं. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्याची नोकरी डळमळीत आहे तो नाटकाच्या तिकिटाआधी घराच्या हप्त्याचाच विचार करणार. मग अशा काळात कलेच्या संस्थांनी पैसा उभा करायचा तरी कसा? आमच्या संगीत मंडळाचा मुख्य स्पॉन्सर गेल्या वर्षी दोन ओळींची ई-मेल पाठवून मोकळा झाला, तेव्हापासून हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी राहिलेला नाही. शोधायला लागलो आणि गंमत म्हणजे उत्तराचे धागे आपल्या वाशीतच सापडले.

वाशीत दोन विष्णू आहेत. एक विष्णुदास भावे, ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरे पं. विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मोठं केंद्र वाशीत आहे. तबल्याच्या परीक्षा दिलेल्यांना हे नाव सर्टिफिकेटवर वाचून पाठ असेल! दोघेही सांगली-मिरज भागातले, दोघांनाही आधी राजाश्रय होता आणि दोघांनीही पुढे तिकीट लावलं.

भाव्यांनी १८४३ साली सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. खर्च दरबाराचा. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. स्ट्रक्चरच्या भाषेत सांगायचं तर सगळा स्लॅब एकाच कॉलमवर होता आणि तोच कॉलम गेला. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे सुरू केले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा धंदा झाला तो असा, नाइलाजाने.

पलुसकरबुवांची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. कुरुंदवाडचा हा मुलगा. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. १८९६ मध्ये मिरज सोडलं आणि पुढे सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. गवयाने दरबारातच गायचं असा तो काळ होता. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या खजिन्यावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मदतीवर. नोटेशनची पुस्तकं छापून विकली. १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली आणि हळूहळू कामाचं केंद्र मुंबईच झालं.

इथपर्यंत सगळं उत्तम. मग इमारत आली. कर्ज काढलं. उपदेशक वर्गातल्या शिष्यांचा राहण्याजेवण्याचा खर्चही संस्थेवरच होता. परतफेडीचा मार्ग एकच, बुवांच्या मैफली. म्हणजे देणं ठरलेलं आणि येणं बेभरवशाचं. कर्जाचं व्याज पाऊस, साथ, महागाई बघत नाही. मैफलीचं उत्पन्न मात्र या सगळ्यावर अवलंबून असतं. १९२४ मध्ये बुवा दौऱ्यावर असताना सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि तिचा लिलाव झाला. देशभर नाव झालेल्या माणसाची ही अवस्था! गाणं कमी पडलं नव्हतं, लोकप्रियताही नाही. माझ्या मते डिझाइन चुकलं होतं. इमारतीचं ओझं कायमचं, आणि ते पेलायला एकच गळा.

बुवा २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला मंडळाची स्थापना केली. तारखेकडे नीट बघा. १९३१ म्हणजे जागतिक महामंदी, शेतमालाचे भाव कोसळलेले. कलेची संस्था काढायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही मिळाला नसता. तरी ती टिकली आणि आज देशभर तिची शेकडो केंद्रं आहेत.

कशी टिकली? मला जे दिसतं ते असं. शिष्यांनी गुरूची मोठी इमारत पुन्हा उभारायचा घाट घातला नाही. देवधर मास्तरांची शाळा मुंबईत १९२५ पासून होतीच, विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्याला काढली. जो तो आपापली जागा, आपापलं भाडं सांभाळत होता. मंडळाने हाती घेतलं ते अभ्यासक्रम आणि परीक्षा. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जिने बांधले आणि प्रत्येक पायरीला थोडी फी ठेवली. ती फी कोणी दानत म्हणून भरत नाही. मुलीला परीक्षा द्यायची आहे म्हणून आईवडील भरतात. मीही वर्षानुवर्षं भरली (म्हणजे बाबांनी भरली). एका गावातला क्लास बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. सिव्हिलवाले याला रिडंडंट स्ट्रक्चर म्हणतील: एक मेंबर काढला तरी भार दुसरीकडून वाहतो.

याची किंमतही मोजावी लागते, ती लपवून कशाला ठेवू? परीक्षेसाठी पाठ केलेला यमन आणि मैफलीतला यमन यांत फरक असतोच. सर्टिफिकेटपुरतं शिकणारे माझ्या क्लासमध्ये निम्मे तरी होते. पण त्या निम्म्यांच्या फीवरच खरं शिकणाऱ्यांचा क्लास चालतो, हेही मला पटलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या काळच्या गोष्टी सोड, आज सीएसआर आहे ना! आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि सातव्या अनुसूचीत वारसा, कला, संस्कृती यांचाही समावेश आहे. पण ‘तीन वर्षांची सरासरी’ हे शब्द इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी वाचावेत. हा चक्क मूव्हिंग अ‍ॅव्हरेज फिल्टर आहे! मंदीच्या पहिल्या वर्षी रक्कम फारशी घटत नाही, कारण आधीची चांगली वर्षं सरासरीत असतात. वाईट वर्षाचा परिणाम पुढची तीन वर्षं रेंगाळतो. बाजार सावरला तरी सांस्कृतिक संस्थेला पैसा आटलेलाच दिसू शकतो.

शिवाय रक्कम तीच राहिली तरी दिशा बदलते. मार्च २०२० मध्ये सरकारने कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल असं जाहीर केलं. ते योग्यच होतं. व्हेंटिलेटर आणि व्हायोलिन यांत निवड करायची तर कोण व्हायोलिन निवडेल? पण त्याच वेळी नाट्यगृहंही बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, मग २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू. पडद्यामागचा माणूस नाइटवर काम करतो. प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाही. त्याच्या घरी हे दीड वर्ष कसं गेलं असेल याचा हिशेब कुठल्याही ताळेबंदात सापडायचा नाही.

नेरूळ, बेलापूर, वाशीतल्या छोट्या मंडळांपर्यंत सीएसआर बहुधा पोचतच नाही. त्यांची साधनं जुनीच: पावतीपुस्तक, स्मरणिकेच्या जाहिराती, देणगी प्रवेशिका, आजीव सभासद. यांतली स्मरणिका मंदीत लगेच आजारी पडते. पानभर जाहिरात देणारा दुकानदार पाव पानावर येतो आणि मग ‘एक हितचिंतक’ होतो. आजीव सभासदाची गोष्ट वेगळी. पैसे एकदाच येतात, सेवा आयुष्यभर द्यायची. ती रक्कम कायम ठेवीत टाकून फक्त व्याज वापरलं तर ठीक, नाही तर आपण भविष्याकडूनच उधारी करतो, आणि महागाई त्या व्याजालाही कुरतडते. करसवलतीचं आमिषही आता सर्वांना लागू पडत नाही, कारण नव्या कररचनेत देणगीची वजावट मिळत नाही. तेव्हा ‘सर, टॅक्स वाचेल’ हे वाक्य बोलण्यापूर्वी सरांनी कोणती कररचना निवडली आहे ते विचारावं!

आमच्या मंडळाचं आम्ही काय केलं ते सांगतो. गेल्या वर्षी वाद्यवृंदाचा खर्च साठ हजार होता, त्यातले पंचेचाळीस हजार एकट्या स्पॉन्सरचे. भाव्यांच्या सांगलीसारखंच, एक कॉलम. यंदा आधी खर्चाची फोड केली. निम्म्याहून जास्त पैसे बाहेरचा हॉल आणि साउंड सिस्टिम खात होते. पलुसकरबुवांची इमारत ती हीच. हॉल सोडला, कार्यक्रम कॉलेजच्याच सभागृहात घ्यायचं ठरवलं. साउंड तिसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी अंगावर घेतला आहे (शिट्टी वाजली तर जबाबदार तेच). खर्च बावीस हजारांवर आला.

येण्याच्या बाजूला नियम केला की कोणा एकाकडून चौथ्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही, आणि ज्या पैशाची पावती फाडली नाही तो हिशेबात धरायचा नाही. माजी विद्यार्थ्यांना ‘मदत करा’ असं लिहिलं तेव्हा फारशी उत्तरं आली नाहीत. ‘तुमच्या बॅचने बसवलेलं गाणं पुन्हा बसवतोय, त्याच्या तबल्याच्या भाड्याचे बाराशे रुपये कमी आहेत’ असं लिहिलं तेव्हा एका दिवसात दोघांनी विचारलं. शनिवारी हार्मोनिअम आणि तबल्याचा वर्ग सुरू केला आहे, महिना दीडशे रुपये, सोसायट्यांमधली लहान मुलं येतात. सध्या अकरा आहेत. त्यांचे आईवडील कार्यक्रमाला येणारच, तेही तिकीट काढून.

बावीसपैकी पंधरा हजारांच्या पावत्या फाडून झाल्या आहेत. उरलेले सात प्रवेशिकांमधून यायचे आहेत. पन्नास रुपयांची एक, म्हणजे एकशे चाळीस विकायला हव्यात. शंभरचा पहिला गठ्ठा छापून आला आहे आणि मेकॅनिकलने तीस घेतल्या आहेत. आयटीच्या वर्गात अजून कोणी हात वर केलेला नाही.