भोपळ्याच्या रोपाची पुनर्लागवड : एक निरीक्षणपाठ



भोजनगृहामागील खतखड्ड्याच्या कडेला पहिल्या पावसानंतर लाल भोपळ्याचे, म्हणजेच डांगराचे, एखादे रोप आपोआप उगवलेले दिसते. भाजी चिरताना टाकलेल्या गरातील बी तेथे रुजलेली असते. वेलाला पसरण्यास तेथे जागा नसते, म्हणून ते रोप बागेत नेण्याचा मोह होतो. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे आपण सहज उपटून लावतो. भोपळ्याचे रोप मात्र तसे हलविले, तर बहुधा कोमेजते. असे का होते, हे समजून घेणे हाच या पाठाचा हेतू आहे.

मुळांचा स्वभाव

जमिनीतील पाणी प्रामुख्याने मुळांच्या टोकांजवळील सूक्ष्म केसांतून शोषले जाते. रोप उपटताना हे केस तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी बाहेर टाकत राहतात आणि आवक-जावकीचा मेळ बिघडतो. वांगी-टोमॅटोच्या तुटलेल्या मुळांना नवी उपमुळे लवकर फुटतात. भोपळावर्गीय वेलींच्या मुळांवर बुचासारख्या द्रव्याचा थर लवकर चढत असल्याने त्यांना नवी मुळे फुटण्यास विलंब लागतो. त्यात पाने रुंद असल्याने पाण्याची हानीही अधिक होते.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातील. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील गिला नाकीत्स गुहेत या वर्गातील सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. १४९२ नंतर तो जगभर पसरला, तो बीच्या रूपाने. म्हणूनच बी थेट आळ्यात टोकणे हीच आजही सर्वांत निर्धोक रीत होय. रोप हलवायचेच असेल, तर मुळांना ते हलल्याची जाणीव होऊ नये, इतकी काळजी घ्यावी लागते.

योग्य वय

बी रुजल्यावर प्रथम जाडसर, गुळगुळीत अशी दोन बीजदले दिसतात. त्यानंतर येणारी खडबडीत पाने ही खरी पाने. दोन ते तीन खरी पाने असताना रोप हलवावे. ताणे फुटून वेल धावू लागल्यावर ते मुळीच हलवू नये. अशा वेळी रोपाला जागेवरच ठेवून वेलाला मोकळ्या बाजूस वळवावे.

कृती

रोप काढण्याआधी नवी जागा तयार हवी. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. दोन आळ्यांत दोन ते तीन मीटर अंतर ठेवावे. आदल्या संध्याकाळी रोपाला पाणी द्यावे. ओलसर माती मुळांना धरून राहते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर खोडापासून सुमारे १० सेंटिमीटरवर खुरपे चोहोबाजूंनी सरळ खाली उतरवावे आणि मातीच्या गोळ्यासह रोप उचलावे. गोळ्याला खालून आधार द्यावा. खोड धरून ओढू नये. गोळा न फोडता, रोप पूर्वी जेवढे मातीत होते तेवढ्याच खोलीवर ठेवावे, कडेची माती हलकेच दाबावी आणि सावकाश पाणी द्यावे. पुढील दोन-तीन दिवस दुपारच्या वेळी पळसाच्या पानांची किंवा टोपलीची सावली करावी.

पहिला आठवडा

दुपारी पाने माना टाकतात, हे पाहून लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर मुळे काम करीत आहेत असे समजावे. सकाळीही पाने मलूल असतील, तर माती बोटभर उकरून पाहावी. ती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. चिखलात मुळे गुदमरतात. तांबडे भुंगेरे कोवळी पाने कुरतडतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

सामुदायिक बागेत एक अडचण नेहमी येते. एकाच रोपाला चार जण पाणी घालतात आणि सुट्टीच्या दिवशी कोणीच घालत नाही. म्हणून प्रत्येक रोप एका विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावे आणि त्याच्या अनुपस्थितीत कोण पाहील, हेही आधीच ठरवावे. रोपाची निगा ही सर्वांची इच्छा असून भागत नाही. ते कोणा एकाचे कर्तव्य असावे लागते.

एक सावधानता

खतखड्ड्यात उगवलेल्या वेलाचे फळ मूळ फळासारखेच निघेल, अशी खात्री नसते. क्वचित ते कडू असते. हा कडूपणा कुकर्बिटॅसिन या द्रव्यामुळे येतो, शिजवल्याने जात नाही आणि त्यातून उलट्या व जुलाब होऊ शकतात. भाजी करण्यापूर्वी मोठ्या माणसाने कच्च्या फळाचा लहानसा तुकडा जिभेला लावून थुंकून टाकावा. किंचितही कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे. अनेकांच्या पंक्तीत हा नियम कधीही मोडू नये.

स्वाध्याय

१. एकाच दिवशी बी लावून तीन रोपे जागेवर ठेवा, तीन मातीच्या गोळ्यासह हलवा व तीन मुळांची माती झाडून लावा. १५ दिवस पानांची संख्या नोंदवा.
२. सकाळ, दुपार व संध्याकाळ पानांची स्थिती कशी बदलते, याचा तक्ता करा.
३. तीनही गटांतील फरकाचे कारण मुळांच्या आधारे स्वतःच्या शब्दांत लिहा.