नारळ चालतो, आंबा नाही

बॅग बंद करायच्या आधी जरा बस इथे. तुझी मैत्रीण स्टुटगार्टला, माझीही तिथलीच, आणि मी तिच्याकडे दीड महिना राहून आलेय. तेव्हा त्या एका गावाबद्दल मला बोलायचा हक्क आहे. बाकीच्या जर्मनीचं मला विचारू नकोस.

तुझ्या आईने तुपाची बरणी काढून ठेवलेली मी पाहिली. ती परत फडताळात जाऊ दे. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काहीही आणि मांस, आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशाला युरोपात नेता येत नाही. 2019च्या डिसेंबरपासून फळांनाही चाप बसलाय. सरकारी दाखला असल्याशिवाय आंबा नाही, पेरू नाही, कढीपत्त्याची काडीसुद्धा नाही. सूट फक्त पाच फळांना: केळं, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. म्हणजे हापूस अडतो आणि नारळ सुटतो! नारळ ने. गोडा मसाला, भाजणी, आमसुलं खुशाल ने. आमसुलांसाठी माझ्या मैत्रिणीने मला विमानतळावरच मिठी मारली होती, माझ्यासाठी नव्हे.

आता खरं सांगायचं ते जिन्याचं. जिवलग मैत्रीण म्हटलं की आपण तिचं घर आपलंच समजतो, पदर खोचून कामाला लागतो. पण घर तिचं असलं तरी जिना तिचा नसतो. स्टुटगार्टच्या भागात एक प्रकार आहे, केरवोखं. शब्दातच केर आहे, म्हणजे विसरायला नको. वोखं म्हणजे आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा सामायिक जागा झाडायची, पुसायची. छोट्या पाळीत आपल्या मजल्यापुढचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. पाळी संपली की ती पुढच्याच्या दारावर जाते. आमच्या दादरच्या चाळीत सामायिक गॅलरी धुण्यावरून जे महाभारत व्हायचं, ते या लोकांनी एका पाटीवर मिटवलंय. निदान मला तसं वाटलं होतं.

झालं काय, एका सोमवारी मैत्रीण कामावर गेलेली, आणि दारावर पुठ्ठ्याचा एक तुकडा लोंबकळताना दिसला. मला वाटलं, जाहिरात. तोवर कचऱ्याचे डबे मी पाठ केले होते: कागद हिरव्यात, ओला तपकिरीत, प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्यात. मोठ्या ऐटीत खाली गेले आणि पुठ्ठा हिरव्या डब्यात टाकला. संध्याकाळी मैत्रिणीचा चेहरा पडला. कमरेपर्यंत डब्यात वाकून तिने ती पाटी शोधली, पुसली, पुन्हा लटकवली. शनिवारी जिना झाडायला निघाली. जिना आधीच लख्ख होता, मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "झाडताना दिसायला हवं गं." चाळीस वर्षं तिथे काढलेल्या बाईचं हे वाक्य! त्या दिवशी मला कळलं की मी जिच्याबरोबर चिंचा पाडल्या ती ही आहेच, पण आणखीही कुणीतरी आहे. तेव्हा हात लावण्याआधी विचार. परकेपणा वाटेल म्हणून गप्प राहू नकोस. तुझ्या चुकीबद्दल शेजारी तुला नाही, तिला बोलणार आहेत.

त्याच जिन्यात कुणी भेटलं तर मान खाली घालून निघून जायचं नाही. "ग्रूस गॉट" म्हणायचं, तिकडचा रामराम. ओळख नसली तरी. वरच्या मजल्यावरचे आजोबा बोलायला लागले आणि विषय संपला, तर सांग की मुंबई आणि स्टुटगार्ट 1968पासून भगिनीशहरं आहेत. दहा मिनिटं आरामात निघतात.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली काही, आणि सकाळी थोडा वेळ बेकरी, एवढंच उघडं. दूध, कांदे, सगळं शनिवारीच आणायचं. आणि रविवारी आवाज नाही. व्हॅक्युम नाही, भिंतीत खिळा नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकणंसुद्धा नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. रोज रात्री 10 ते सकाळी 6 हाच नियम, कित्येक इमारतींत दुपारी 1 ते 3 सुद्धा. मी रविवारी दुपारी चटणीसाठी मिक्सर काढला, तेव्हा मैत्रिणीने काही न बोलता प्लग उपटला आणि खलबत्ता पुढ्यात ठेवला. मग तोही काढून घेतला.

पाण्याची रिकामी बाटली फेकू नकोस. बऱ्याच बाटल्यांवर आणि डब्यांवर 25 सेंट अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली घातली की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. आपल्या सोडावॉटरच्या बाटलीसारखंच.

जेवताना पहिलं 'नको' म्हणजे नकोच, असं धरतात. आग्रहाची वाट पाहशील तर उपाशी झोपशील. संध्याकाळी पाव, चीज, काकडी असं गार जेवण मांडलं तर तिला कंटाळा आलाय असं समजू नकोस, तीच तिथली रीत. आणि कडाक्याच्या थंडीत ती खिडक्या सताड उघडेल. उघडू दे. पाच मिनिटं हवा खेळवली नाही तर भिंतींना बुरशी धरते.

वाढदिवस आहे ना तिचा, तू तिथे असताना? आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. रात्री 12 वाजेपर्यंत जीभ आवर. ती कितीही आपली असली तरी ऑफिसातल्या चार जर्मन मैत्रिणी बसलेल्या असतील. केकही तीच करेल, ज्याचा वाढदिवस त्यानेच लोकांना खाऊ घालायचं. तू फक्त तिची ओटी भर, तो नारळ त्यासाठीच.

हां, आणि नारळ फोडायला तिच्याकडे काही नसणार. जिन्याच्या पायरीवर आपटू नकोस. शेंड्या तिलाच झाडाव्या लागतील, आणि त्या आठवड्यात पाटी कुणाच्या दारावर असेल ते आपल्याला काय माहीत.