नित्याचे काम आणि तात्पुरता कामगार

मद्यार्क किंवा बीअर तयार करणाऱ्या मोठ्या कारखान्यांतील असंतोष समजून घ्यावयाचा असेल, तर प्रथम तेथील कामाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. साखर कारखान्यातून येणारी मळी पाण्यात मिसळून आंबवली जाते. यीस्टच्या क्रियेने एक-दोन दिवसांत तिच्यातील साखरेचा मद्यार्क बनतो आणि मग वाफेच्या साहाय्याने उंच स्तंभांतून तो वेगळा काढला जातो. आंबवणाचे हौद घड्याळाकडे पाहून थांबत नाहीत आणि एकदा तापलेला स्तंभ वरचेवर थंड करणे परवडत नाही. त्यामुळे रात्रपाळी येथे अटळच असते. जेथे काम इतके नित्याचे, तेथील कामगार तात्पुरता कसा? रायपूरच्या परिसरात १९९० च्या सुमारास हा प्रश्न उभा राहिला.

रायपूरहून दुर्गकडे जाताना कुम्हारी लागते. तेथील केडिया समूहाच्या मद्यार्क कारखान्यातील कामगार, भिलाईच्या खाजगी अभियांत्रिकी कारखान्यांतील कामगारांबरोबर, छत्तीसगढ मुक्ती मोर्चाच्या आंदोलनात उतरले. हा प्रदेश त्या वेळी मध्य प्रदेशात होता. मागण्या साध्या होत्या : जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि संघटनेस मान्यता. उत्तरादाखल निरनिराळ्या कारखान्यांतून हजारो कामगार कमी करण्यात आले.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात या प्रश्नाची दखल होती. एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीस मनाई करण्यापूर्वी ते काम बारमाही स्वरूपाचे आहे काय, हे शासनाने पाहावे, असे तो कायदा सांगत होता. परंतु मनाई करणे शासनाच्या इच्छेवर होते. आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावरून एखादे नाव गळले, तर त्यास 'कपात' म्हणावयासही मालक तयार नसे. जानेवारी २०१० मध्ये बेल्जियममध्ये याहून वेगळे घडले. अँहॉयझर-बुश इनबेव या प्रचंड बीअर कंपनीने पश्चिम युरोपातील सुमारे दहा टक्के जागा कमी करण्याचे जाहीर करताच झुपिय आणि ल्यूव्हन येथील कामगारांनी कारखान्यांची दारे अडवून धरली. काही आठवड्यांतच कंपनीला ती योजना मागे घेऊन वाटाघाटीस बसावे लागले. तेथील कामगाराचे कामगारपण कोणी नाकारीत नव्हते. कुम्हारीच्या कामगाराला तेच आधी सिद्ध करावयाचे होते.

आता या लढ्यातील एका विलक्षण गोष्टीकडे वळू. आंदोलनाचे नेते शंकर गुहा नियोगी हे दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९७७ मध्ये दल्ली-राजहरा येथील लोहखाणींतील कंत्राटी मजुरांनी संघटना उभारली. लढ्याने मजुरी वाढली. पण वाढलेले पैसे दारूच्या दुकानात जाऊ लागले. तेव्हा संघटनेने दारू सोडविण्याची मोहीम हाती घेतली. घरातील स्त्रिया तिच्यात पुढे होत्या आणि हजारो मजुरांनी दारू सोडली. दारूच्या ठेकेदारांना ही संघटना नकोशी झाली यात नवल नाही. पुढे हीच संघटना दारू बनविणाऱ्यांच्या नोकरीसाठी रस्त्यावर आली!

यात विसंगती आहे असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. दारू पिणाऱ्या खाणमजुराची मजुरी आणि दारू गाळणाऱ्या मजुराची मजुरी, दोन्ही संघटनेला वाचवावयाच्या होत्या. मात्र प्रश्न येथे पूर्णपणे सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दारूबंदी खरोखर यशस्वी झाली असती, तर कुम्हारीच्या स्तंभाखाली उभ्या असलेल्या माणसाने कोठे जावयाचे? खाणींत यंत्रे आणण्याचा विचार झाला, तेव्हा मजूर कमी न करता चालणाऱ्या अर्धयांत्रिकीकरणाची योजना संघटनेने पुढे ठेवली होती. मद्यार्क कारखान्यासाठी तसा पर्याय शोधावयास तिला अवधी मिळाला नाही.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी भिलाईतील आपल्या घरी झोपेत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांचा मृत्यू झाला. कमी केलेल्यांना परत घ्या, या मागणीसाठी १ जुलै १९९२ रोजी कामगार भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात किमान सोळा कामगार मरण पावले. नियोगींच्या खुनाबद्दल दुर्गच्या न्यायालयाने १९९७ मध्ये काही उद्योजकांसह सहा जणांस दोषी ठरविले. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्यास तेवढे दोषी ठरवून जन्मठेप दिली.