परवलीचा शब्द मागणारा कोण?

किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीं पहारेकरी उभा असे, आणि येणाऱ्यास तो परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर निघाला तरच दिंडी उघडे. या व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत होती. ती अशी कीं, विचारणारा मनुष्य खरोखरच किल्ल्याचा पहारेकरी आहे. येणाऱ्यास तट दिसे, बुरूज दिसे, मशालीच्या उजेडांत ओळखीचा चेहराहि दिसे. संगणकापुढें बसणाऱ्यास यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्यास दिसते ती पडद्यावर काढलेली एक चौकट. आणि चौकट काढणें संगणकावरील कोणत्याहि प्रोग्रामला साध्य आहे. म्हणून पासवर्ड मागणारी चौकट अवचित पुढें आली असतां, आपला शब्द कोणता हें आठवण्यापूर्वीं, मागणारा कोण हें पाहावें लागतें. तें कसें पाहावें, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

संगणकास पासवर्ड लावण्याची चाल बरीच जुनी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एकच संगणक अनेकांनीं एका वेळीं वापरण्याची पद्धति दाखवून दिली, आणि प्रत्येकाच्या फायली निरनिराळ्या राखण्यासाठीं तेथें पासवर्डाची योजना झाली. अशा सामाईक यंत्रांवर एक लबाडी करतां येत असे. उठून जाणारा मनुष्य खऱ्या प्रवेश-चौकटीची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम चालू ठेवून जाई. पुढचा येऊन नांव व पासवर्ड लिही; प्रोग्राम तो टिपून घेई, ‘पासवर्ड चुकला’ असें उत्तर देई आणि नाहींसा होई. मग खरी चौकट उघडे. लिहिणारा मनांत म्हणे, ‘बोट चुकलें असेल’, आणि पुन्हां लिहून कामास लागे. आपण लुटले गेलों हें त्याच्या गांवींहि नसे!

या लबाडीवर तोड निघाली ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. मायक्रोसॉफ्टनें १९९३ सालीं विंडोज एनटी बाहेर काढली. तींत प्रवेश करण्यापूर्वीं कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्या लागत. पुष्कळांस हें उगाच गळ्यांत अडकविलेलें लोढणें वाटे. परंतु या तीन कळांची वर्दी थेट संगणकाच्या मुख्य व्यवस्थेकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे, जाते. मधल्या साध्या प्रोग्रामला ती अडवितां येत नाहीं. सबब त्यानंतर जी चौकट येते ती खऱ्या पहारेकऱ्याचीच. येथें प्रश्नाची दिशा फिरली: येणाराच पहारेकऱ्यास पारखूं लागला.

मोबाइल फोनाविषयींहि असाच एक उपाय आहे. फेलिक्स क्राऊस या प्रोग्राम-लेखकानें २०१७ सालीं असें दाखविलें कीं, आयफोनवरील कोणतेंहि अ‍ॅप ‘अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड लिहा’ अशी चौकट मुळाबरहुकूम काढूं शकतें. त्यानें सांगितलेली पारख सोपी होती. होमचें बटण दाबावें. अ‍ॅपबरोबर चौकटहि गेली, तर ती अ‍ॅपनें काढलेली. दोन्हीं जागच्या जागीं राहिलीं, तर ती फोनाच्या व्यवस्थेनें काढलेली. संगणकावर एखाद्या वेब-पानांत निराळी खिडकी उघडल्याचा भास होतो, तेथेंहि हाच विचार चालतो. ती खिडकी माऊसनें ओढून ब्राउझरच्या कडेबाहेर नेऊन पाहावी. पानांत रंगविलेलें चित्र पानाबाहेर कसें येणार?

तथापि प्रत्येक अनपेक्षित चौकट चोराचीच असते असें मात्र कोणी समजूं नये. कचेरींतल्या व्यवस्थापकानें मॅक संगणकाचा पासवर्ड बदलला, तर जुन्या पासवर्डानें बंद असलेली कीचेन ही किल्ल्यांची पेटी वारंवार जुना शब्द मागत राहते, आणि मनुष्य घाबरून जातो. ई-मेलाचा पासवर्ड फोनावर बदलला असतां घरचा संगणक नवा मागतो, हेंहि रास्तच. म्हणून पहिला प्रश्न हा कीं, आपण आतांच असें कांहीं केलें आहे काय, कीं ज्यामुळें ही मागणी ओघानेंच यावी? नवा प्रोग्राम घालतांना परवानगी मागितली जाते. गाणें ऐकतांना ती कां मागावी?

दुसरा प्रश्न असा कीं, मागितलेला शब्द कोणत्या दाराचा आहे? गतवर्षीं एका पालक-भगिनींस विजेच्या बिलाच्या नांवानें एक ई-मेल आला. सोबतची फाईल उघडतांच ‘बिल पाहण्यासाठीं गूगलचा पासवर्ड लिहा’ असें पान आलें. त्या थबकल्या, विजेच्या बिलाशीं गूगलचा संबंध काय, असें त्यांनीं मुलास विचारलें. मुलानें वरचा पत्ता वाचला; तो गूगलचा नव्हताच, त्यांच्याच संगणकावर उतरलेल्या फाईलचा होता. बाईंच्या त्या एका साध्या शंकेचें मोल मोठें आहे. कारण ई-मेल ज्याच्या हातीं गेला, त्यास इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ‘विसरलों’ म्हणून बदलून घेतां येतात.

पत्ता वाचण्याची रीत मात्र मुलांस शिकवावी लागते. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वींचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’ हा गूगलचा; पण ‘गूगल डॉट कॉम’ नंतर आणखी टिंब देऊन भलतेंच नांव जोडलें असेल, तर तें घर त्या भलत्याचें. रिझर्व्ह बँकेनें आपल्या बँकांस ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे पत्ते घेण्यास सांगितलें, तें याच ओळखीसाठीं. कुलपाच्या चित्रावर मात्र विसंबूं नये. तें केवळ वाट बंदिस्त असल्याचें सांगतें, पलीकडे कोण बसला आहे हें सांगत नाहीं. गूगलच्या क्रोम ब्राउझरनें २०२३ सालीं तें कुलूपच काढून टाकलें. पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, येथें फार कामाचा. पत्ता एका अक्षरानें जरी निराळा असला, तरी तो आपण होऊन पासवर्ड भरीत नाहीं. जेथें तो रोज भरतो तेथें आज गप्प बसला, तर थांबावें.

कोणी चतुर मनुष्य सांगतो, ‘आधीं मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्या, घेतला तर चौकट खोटी.’ ही युक्ति अर्धीच खरी आहे. घेतला तर खोटी, हें ठीक. परंतु नाकारला म्हणून खरी ठरत नाहीं. वर सांगितलेला लबाड प्रोग्राम नेहमींच नाकारीत असे, आणि आजचीं कित्येक खोटीं पानें दिलेला शब्द खऱ्या ठिकाणीं पडताळून मगच उत्तर देतात.

आमच्या मतें सर्वांत निर्धोक मार्ग कंटाळवाणा आहे: चौकट रद्द करावी, आणि पत्ता स्वतः लिहून किंवा सेटिंग्ज उघडून आपल्या वाटेनें तेथें जावें. मागणी खरी असेल तर ती तेथेंहि भेटेल. घाई करणाऱ्यास हें रुचत नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें उबर कंपनीच्या व्यवस्थेंत जो शिरला, त्याच्यापाशीं एका कंत्राटी कामगाराचा पासवर्ड आधींच होता. अडत होतें तें त्या कामगाराच्या फोनावरील संमतीवांचून. त्यानें मागणीमागून मागणी पाठविली. कामगारानें प्रथम ती नाकारली, आणि शेवटीं एकदां होकार दिला गेला. आपल्याकडे यूपीआयच्या पिनाचें असेंच होतें. पैसे मिळविण्यासाठीं पिन लिहावा लागत नाहीं. ‘पैसे घेण्यासाठीं पिन द्या’ म्हणणारी चौकट पैसे नेण्यासाठींच आलेली असते.

आणि शब्द लिहून गेल्यावर शंका आली तर? मुलांनीं तें बोलण्याच्या भीतीनें लपवूं नये, व पालकांनींहि आधीं रागावत बसूं नये. तो वेळ मोलाचा असतो. दुसऱ्या, भरंवशाच्या यंत्रावरून तो पासवर्ड लागलीच बदलावा. तोच शब्द आणखी जेथें जेथें वापरला असेल, तेथेंहि बदलावा. आणि खात्यांतून इतर सर्व यंत्रांस बाहेर काढण्याची सोय असते, ती वापरावी. पैशाचा संबंध असेल तर बँकेस कळवून १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ फोन करावा.