पॉइन्सेटियाची रात्र सांभाळा

डिसेंबरच्या बाजारासाठी ज्यांनी कुंड्यांत पॉइन्सेटिया भरला आहे, त्यांची खरी परीक्षा सप्टेंबरअखेरीस सुरू होते. खताचा एखादा हप्ता चुकला तर सावरता येतो. शेडजवळ रात्रभर जळणारा बल्ब मात्र अख्खा लॉट हिरवा ठेवू शकतो.

रात्र सलग बारा तासांच्या आसपास पोहोचली की या झाडाच्या शेंड्यात कळी धरते आणि तिच्याभोवतीची पाने लाल, गुलाबी किंवा दुधी होऊ लागतात. खरे फूल म्हणजे मधले बारके पिवळसर गोंडे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते पानांचे. कळी धरल्यापासून माल विक्रीला यायला वाणानुसार साधारण 8 ते 10 आठवडे लागतात. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विकायचे, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून रात्री अंधाऱ्या हव्यात. शेवंतीवाल्यांना हे सांगायला नको. फूल लांबवण्यासाठी ते मुद्दाम दिवे लावतात. इथे तोच दिवा नको असताना लागतो, एवढाच फरक.

आपल्याकडे उघड्या, दिव्यांपासून दूर असलेल्या जागी नैसर्गिक रात्र पुरते. रस्त्याचा दिवा किंवा राखणदाराची खोली जवळ असेल, तर त्या बाजूला काळा कपडा सोडा. रंग लवकर हवा असल्यास रोज सलग 14 तास अंधार द्या. पण ऑक्टोबर हीटमध्ये संध्याकाळी पाचलाच कपडा ओढला की आत उकाडा कोंडतो, आणि रात्रीचे तापमान 23-24 अंशांच्या वर राहिले तर कळी धरायला उशीर होतो. त्यापेक्षा संध्याकाळ मोकळी ठेवावी, पहाटे उजाडण्याआधी झाकावे आणि आठला उघडावे. कोकणातल्या दमट, उबदार रात्रींत हे पीक घेणे मला तरी फारसे शहाणपणाचे वाटत नाही.

शेंडा खुडणे आता बंद. उशिरा खुडलेल्या फांद्या आखूड राहतात आणि रंगही मागे पडतो. उंची रोखण्याची औषधेही रंग चढू लागल्यावर फवारू नयेत, रंगीत पाने लहान राहतात.

बुटका, भरगच्च आकार मात्र केवळ खुडण्याने येत नाही. कुंडीतल्या वाणांना भरपूर फांद्या फुटतात त्या फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे. इतर पिकांत ज्याच्या नावाने आपण कपाळाला हात लावतो, तोच इथे धंदा चालवतो! म्हणून पुढच्या हंगामाच्या काड्या भरदार मातृझाडांवरूनच घ्या. बंगल्याच्या कुंपणाशी वाढलेल्या उंच, सडसडीत झाडाची काडी कितीही खुडली तरी तसा गोल आकार धरत नाही. काडी कापताना निघणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, कातडीलाही तो झोंबतो.

पाणी माती वरून सुकल्यावरच द्या. सतत ओल राहिली की मुळे कुजतात. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. पांढरी माशी पानाच्या पाठीमागे असते, तेव्हा पाने उलटून बघा आणि पिवळे चिकट सापळे आत्ताच लावा.

मधल्या गोंड्यांतून पराग गळू लागायच्या आत माल निघाला पाहिजे. त्यानंतर रंगीत पाने फार दिवस टिकत नाहीत. वाहतुकीसाठी कागदी वेष्टण घाला, पण पोहोचताच ते काढायला दुकानदाराला बजावून सांगा. जास्त वेळ गुंडाळलेल्या झाडांची पाने देठापासून खाली लोंबतात आणि माल परत येतो.