‘काहीच सुचत नाहीये’ म्हणणाऱ्या मुलांच्या घरी

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मला पालकांचे फोन यायला लागतात. बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, किंवा उपयोजित कलेला हौसेनं प्रवेश घेतलेला असतो, पहिली मोठी असाइनमेंट हातात पडलेली असते आणि घरातलं वातावरण एकदम तंग झालेलं असतं. “मुलगी तीन दिवस लॅपटॉपसमोर नुसती बसून आहे. विचारलं की म्हणते, सुचत नाहीये. आमचा निर्णय चुकला का हो?”

हा प्रश्न विचारताना आवाज का कापतो, ते मला समजतं. बारावी सायन्सची मुलगी इंजिनीअरिंग सोडून इकडे आलेली असते. फी भरताना एफडी मोडलेली असते. ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना आई-बाबांनीच उत्तरं दिलेली असतात. त्यामुळे तिचा कोरा स्क्रीन त्यांना आपल्या निर्णयाचा निकाल वाटू लागतो.

तसं नसतं. न सुचण्याचे दिवस या कामात सगळ्यांना येतात, वीस वर्षं काम केलेल्यांनाही. पण अशा दिवशी काय करायचं, ते त्यांना सवयीनं ठाऊक झालेलं असतं. ही सवय लावता येते, आणि डिझाइनच्या चार वर्षांत शिकायच्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याचं सांगतो. दुसऱ्या वर्षाला होता, कोकम सरबताच्या बाटलीचं पॅकेजिंग करायचं होतं. त्याच्या लॅपटॉपवर पिंटरेस्टच्या कितीतरी टॅब उघड्या होत्या. माड, लाटा, होड्या, कौलारू घर हे सगळं मांडून झालं होतं, पुसून झालं होतं. मी त्याला लॅपटॉप मिटायला सांगितलं आणि विचारलं, “तुमच्या घरी ही बाटली कुठे असते?” त्याला सांगता येईना. म्हटलं, घरी जा, आई सरबत करेल तेव्हा शेजारी उभा राहा. काही बोलू नकोस, फक्त वहीत काढत जा.

दोन दिवसांनी तो वही घेऊन आला. मुंग्या लागतात म्हणून आईनं बाटली पाण्याच्या ताटलीत उभी केली होती. त्या पाण्यानं लेबलची खालची कड भिजून सुटली होती आणि कसं करायचं, किती पाणी घालायचं, तो मजकूर नेमका तिथेच छापलेला होता. ओतल्यावर एक थेंब गळ्यावरून ओघळायचा, म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधलेली होती. अकरा पानं भरली होती. आता त्याच्यापुढे प्रश्न होते : थेंब कसा थांबवायचा, मजकूर कुठे न्यायचा, पकड कुठे द्यायची? माड आणि लाटा त्याला आठवल्यासुद्धा नाहीत.

आपल्या देशातलं डिझाइनचं शिक्षणच मुळात अशा एका भांड्याकडे बघण्यातून सुरू झालं, असं मी मुलांना सांगतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्यानं भारतात हिंडून 1958 मध्ये सरकारला अहवाल दिला आणि पुढे 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू होती आपला साधा लोटा. त्याबद्दल त्यांनी प्रश्नांची रांगच लावली : पाणी किती मावावं, हात केवढा, तो कमरेवर नेतात की डोक्यावर, भरलेला असताना तोल कसा राहतो आणि रिकामा असताना कसा, धार कशी पडते, घासताना हात आत जातो का, किंमत किती? सुचत नसेल तेव्हा समोरच्या वस्तूला असे वीस प्रश्न विचारून लिहून काढावेत. दहाव्या-बाराव्या प्रश्नाला हात आपोआप रेघा मारू लागतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

जे ‘एकदम सुचलं’ असं वाटतं त्याच्या मागेही साठा असतो. 2010 मध्ये रुपयाचं चिन्ह निवडलं गेलं ते डी. उदयकुमार यांचं. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकत्र आणणाऱ्या त्या चार रेघा कुणालाही जमतील अशा दिसतात. पण उदयकुमार तेव्हा मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात तमिळ अक्षररचनेवर पीएच.डी. करत होते. अक्षरांत त्यांची वर्षं गेली होती.

कधी कधी मात्र कल्पना असतात आणि हात अडतो तो भीतीनं. ज्युरीत, म्हणजे कामाच्या परीक्षणात, सगळ्यांसमोर काय ऐकावं लागेल, शेजारचा किती सफाईनं करतो, याची भीती. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. काडेपेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलीनं पन्नास थंबनेल काढायची, खोडरबर न वापरता. पहिली वीस सगळ्यांचीच सारखी आणि वाईट येतात. ती काढून टाकल्याशिवाय पुढची येत नाहीत. एआयकडून तयार चित्र मागवलं तर नेमकी या पहिल्या वीस थंबनेलची मेहनत वाचते, म्हणून शिकण्याच्या वयात मी ते सुरुवातीलाच करू देत नाही. रात्र-रात्र जागून डोकं बधिर झालं असेल तर आधी झोप. त्याला दुसरं औषध नाही.

पण मूल कित्येक आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, मित्र तोडत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, तर त्याला ‘सुचत नाहीये’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.

यूसीड किंवा एनआयडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी वस्तू बघून काढायची ही सवय आतापासूनच लावावी. तिथे कागदावर हातानं काढावं लागतं आणि घड्याळ चालू असतं. क्लासमध्ये पाठ केलेली तीच ती दृश्यं अशा वेळी दगा देतात. रोज बघून काढलेली भाजीवाल्याची गाडी, एसटीतली सीट, आजीचा अडकित्ता देत नाहीत.

पालकांना एक विनंती. “आज काय केलंस?” हा प्रश्न महिनाभर बंद करा. त्याऐवजी “आज काय पाहिलंस?” विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. एक जाड, कोऱ्या पानांची वही आणून द्या, आणि मूल स्वतःहून दाखवेपर्यंत ती उघडून पाहू नका.