समंत्रकाकडे जाताना

प्रवेशाच्या वेळी अभ्यासकेंद्रावर हमखास विचारला जाणारा प्रश्न आपल्या परिचयाचा असेल : ‘सर, सोपा विषय कोणता?’ नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्याच्या मनात तो येणे स्वाभाविक आहे. मात्र त्याला मिळणारे उत्तर बहुधा सांगणाऱ्याच्या आवडीचे असते. आपल्या गरजेचे असेलच असे नाही.

१९७२ मध्ये अमेरिकेतील बर्न्स क्रुकस्टन यांनी शैक्षणिक मार्गदर्शनाच्या दोन पद्धतींमधील भेद स्पष्ट केला. एकीत मार्गदर्शक डॉक्टरासारखा उपाय लिहून देतो आणि विद्यार्थी तो निमूटपणे स्वीकारतो. दुसरीत दोघे मिळून विचार करतात व निर्णयाची जबाबदारीही वाटून घेतात. त्याच वर्षी टेरी ओबॅनियन यांनी या विचाराचा क्रम मांडला : आधी जीवनातील उद्दिष्टे, मग व्यवसायाची, त्यानंतर अभ्यासक्रम, पुढे विषय आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक. आपल्याकडे सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते, हे कबूल करायला हवे.

एक उदाहरण घेऊ. एका अंगणवाडी सेविकेला पदवी मिळवून मुख्यसेविका व्हायचे आहे. ‘सोपा विषय’ विचारून ती परतली असती. परंतु समंत्रकाने तिला तिचे काम, रोज मिळणारा वेळ आणि वर्षातील धावपळीचे महिने विचारले. बोलता बोलता दोन गोष्टी पुढे आल्या. कुटुंब, जात, स्थलांतर हे समाजशास्त्रातील विषय ती गृहभेटींत रोज पाहत होती. आणि सप्टेंबर हा पोषण महिना असल्याने त्या काळात तिला वही उघडणेही शक्य नव्हते. म्हणून गृहपाठ ऑगस्टमध्येच पुरे करण्याचे ठरले. विषय सोपा झाला नाही, पण तो तिचा झाला.

समंत्रकाची अडचणही समजून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी, मोजक्या तासांत, अनेकांना भेटणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकाची हकिगत आठवत नाही. भेटीची तारीख, ठरलेली गोष्ट व पुढील भेट एवढी नोंद दोघांकडे असली, तर पुढचे संभाषण पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

अभ्यास सोडणारा विद्यार्थी सहसा सांगून जात नाही. एक गृहपाठ राहतो, मग समंत्रकासमोर जाण्याचा संकोच वाटतो आणि संपर्कसत्रे सुटत जातात. अशा वेळी नोंद पाहून समंत्रकाने केलेला एक दूरध्वनी मोलाचा ठरतो. तो आला नाही, तर आपणच करावा.

स्वाध्याय : आपल्या वर्षातील सर्वांत धावपळीचे दोन महिने कोणते? ते लिहून पुढील संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा.